हाताने काढलेल्या अक्षरांवरून सीएनसीवर पाट्या : मोफत सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?

अक्षरओळ
नमस्कार मंडळी. सांगलीला आमचं पाट्या रंगवण्याचं दुकान आहे. वडील आजही ब्रशने अक्षर काढतात आणि त्यांच्या अक्षराला गिऱ्हाईक आहे. आता त्यांचीच अक्षरं सागवानात कोरून आणि एसीपीतून (ॲल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमध्ये प्लास्टिक असलेल्या शीटमधून) कापून द्यायची आहेत, म्हणून दोन बाय तीन फुटांचा सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या सांगण्यावरून कटर फिरवणारं मशिन, घेतला. मशिन चालवणारा बोर्ड अर्डुइनोचा आहे आणि त्यात जीआरबीएल हे कंट्रोल सॉफ्टवेअर आहे.

मशिनबरोबर एका पेनड्राइव्हमध्ये आर्टकॅम या कोरीव कामाच्या सॉफ्टवेअरची क्रॅक केलेली कॉपी मिळाली. ती मला वापरायची नाही. आम्ही पक्की बिलं देतो, दुकानात चोरीचं सॉफ्टवेअर नको. विकतचं चांगलं पॅकेज घ्यायला सध्या पैसे नाहीत. तेव्हा मोफत, कायदेशीर आणि धंद्यासाठी चालेल असं काय आहे? मी कोरलड्रॉमध्ये बसून काम करू शकतो, पण जी-कोड, म्हणजे मशिनला चाली सांगणारी भाषा, मला नवी आहे. कागदावरच्या अक्षरापासून कापलेल्या पाटीपर्यंतचा रस्ता कुणी नीट सांगेल का?

सुतारपक्षी
क्रॅक न वापरण्याचा निर्णय अगदी योग्य. तसंही ऑटोडेस्कने आर्टकॅम २०१८ मध्येच बंद केलं. पुढे ते कार्व्हेको या नावाने विकत मिळू लागलं. पेनड्राइव्हवरच्या त्या जुन्या कॉप्यांबरोबर व्हायरसही फुकट येतात.

एकच सॉफ्टवेअर शोधू नका. काम तीन टप्प्यांचं आहे आणि मोफत जगात प्रत्येक टप्प्याचं हत्यार वेगळं आहे. आधी आकार तयार करायचा. मग त्या आकारावरून कटर कुठून कसा फिरेल तो टूलपाथ काढायचा. शेवटी ती फाइल मशिनला पाठवायची. तिसरा टप्पा सोपा आहे. जीआरबीएलसाठी कँडल किंवा युनिव्हर्सल जीकोड सेंडर घ्या, दोन्ही मोफत आहेत. दुसऱ्या टप्प्यावर निवड करावी लागते, त्यावर इथले बाकीचे लिहितीलच. मी पहिल्यावर लिहितो, कारण मराठी पाटी बिघडते ती तिथेच.

चित्र-अक्षरांचे आकार काढायला इंकस्केप घ्या. पूर्ण मोफत, ओपन सोर्स, धंद्याला चालतं. त्यात युनिकोड मराठी टाइप केलं की वेलांटी, रफार, जोडाक्षरं आपापल्या जागी येतात. टूलपाथ काढणाऱ्या प्रोग्राममध्ये मात्र मराठी कधीच टाइप करू नका. एफ-एन्ग्रेव्ह असो की फ्रीकॅडचं अक्षरं टाइप करायचं शेपस्ट्रिंग, ते एकेक अक्षर सुटं उचलतात. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या मागे जाऊन बसते आणि 'क्ष'चे तुकडे पडतात. अक्षर इंकस्केपमध्येच आकार करून टाका आणि पुढे फक्त आकार न्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टाइप केलेला शब्द निवडून 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा, मग अनग्रुप करा. आता व्ह्यूमध्ये आउटलाइन चालू करून बघा. प्रत्येक अक्षराची शिरोरेघ शेजारच्या शिरोरेघेत थोडी घुसलेली दिसेल. पडद्यावर काळ्या रंगात ते कळत नाही. मशिनला मात्र त्या वेगवेगळ्या बंद आकृत्या असतात आणि ती शिरोरेघेच्या मधोमध आडवे काप घेत जाते. चांगला सागवान असा वाया जातो. म्हणून सगळं निवडायचं आणि पाथ मेनूतलं 'युनियन' करायचं, कंट्रोल आणि प्लस. आता अख्खा शब्द एकच बाह्यरेषा होतो. पुन्हा आउटलाइनमध्ये बघून खात्री केल्याशिवाय फाइल बाहेर काढायची नाही.

अक्षरओळ
सुतारपक्षी दादा, खूप आभार. युनियनचं कुणीच सांगितलं नव्हतं. पण आमचा शब्द टाइप केलेला नसेल, वडिलांनी कागदावर काढलेला असेल. त्याचं काय?

सुतारपक्षी
मग काम आणखी सोपं आहे, कारण ब्रशचं अक्षर मुळातच एकसंध असतं.

मोबाइलच्या फोटोवर जाऊ नका, कडा तिरप्या येतात. स्कॅनर वापरा, ३०० डीपीआय, काळी शाई, पांढरा कागद. कागदाच्या कोपऱ्यात पट्टीने बरोबर १०० मिमीची रेघ मारून ठेवा. पुढे माप बसवताना ती रेघ १०० मिमी झाली की अक्षरही खरं माप घेतं. इंकस्केपमध्ये पाथ मेनूत 'ट्रेस बिटमॅप' आहे, त्याच्या पोटात पोट्रेस नावाचा प्रोग्राम काम करतो. 'ब्राइटनेस कटऑफ' निवडा. 'स्मूथ कॉर्नर्स' कमी ठेवा, नाहीतर ब्रशने घेतलेली तिरपी टोकं गोल होतात आणि वडिलांचा हात त्यातून निघून जातो. 'स्पेकल्स' वाढवला की शाईचे बारीक ठिपके गळतात. पण अनुस्वार लहान असेल तर तोही गळतो, लक्ष ठेवा.

ट्रेस झाल्यावर नोड, म्हणजे रेषेवरचे बिंदू, बघा. शेकडो नोड असतील तर कटर दचकत चालतो आणि कडेला बारीक पायऱ्या उमटतात. कंट्रोल-एल करून 'सिम्प्लिफाय' एकदाच करा. उरलेले नको ते नोड हाताने काढा. इथे वेळ द्याच. कोरीव पाटीची कड किती सफाईदार येईल हे मशिनपेक्षा इथे ठरतं.

वेलांटी
फाँटविषयी माझ्याकडून थोडं. मी अक्षरांचंच काम करते.

मोफत आणि धंद्याला खुले असे देवनागरी फाँट आज भरपूर आहेत. मुंबईच्या एक टाइपचे मुक्त, बालू, मोदक, गोटू, इंडियन टाइप फाउंड्रीचे हिंद, खंड, कलम हे सगळे ओपन फाँट लायसन्सखाली आहेत. गिऱ्हाइकाला पाटी विकायला काही अडचण नाही. मात्र मशिनसाठी फाँट निवडताना तो पडद्यावर कसा दिसतो ते बघू नका, आतल्या फटी बघा. मोदक दिसायला फार गोड, पण इतका जाड की 'ब', 'ष', 'ठ' यांच्या पोटातली पोकळी जवळजवळ मिटलेली असते. तीन मिलिमीटरचा बिट, म्हणजे कटर, तिथे शिरणारच नाही. एसीपी कापायला मुक्त किंवा बालूचं जाड वजन बरं पडतं.

लाकडात टोकदार व्ही बिटने कोरायचं असेल तर जाड-बारीक रेषेचा फाँट घ्या. तिरो देवनागरी मराठी हा माझ्या मते त्या कामाला उत्तम आहे. रेषा जाड होते तिथे कोरीव खोल जातं, बारीक होते तिथे उथळ होतं, आणि उन्हात अक्षराला छाया पडते. दुसरं कारण 'ल' आणि 'श'. तिरोच्या मराठी आवृत्तीत ते आपल्या वळणाचे आहेत. हिंदी वळणाचा 'ल' मराठी घराच्या दारावर बघितला की मला खरंच वाईट वाटतं. लोक एवढे पैसे देतात, अक्षर तरी आपलं मिळू दे त्यांना.

जुन्या श्रीलिपी-कृतिदेव पद्धतीच्या फाइली असतील तर त्या कोरलमध्येच कर्व्ह करून एसव्हीजी किंवा डीएक्सएफ या रेषांच्या फाइल प्रकारांत बाहेर काढा. फाँट नसलेल्या संगणकावर त्या उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात.

मिलिमीटर
दुसऱ्या टप्प्याचं मी सांगतो. मी जॉबवर्क करतो, पाट्याही असतात.

लाकडात कोरायला एफ-एन्ग्रेव्ह. छोटा, मोफत, ओपन सोर्स प्रोग्राम आहे, दिसायला जुनाट पण काम चोख. इंकस्केपमधून डीएक्सएफ काढा, एकक मिमी ठेवा, एफ-एन्ग्रेव्हमध्ये उघडा, व्ही-कार्व्ह निवडा, बिटचा कोन भरा आणि गणित करायला सांगा. प्रत्येक आकृती बंद असायला हवी. कुठे फट राहिली असेल तर व्ही-कार्व्हचं गणित तिथे भलतंच येतं.

व्ही बिटचं गणित स्वतःला यायला हवं, कारण फळी किती जाड घ्यायची ते त्यावर ठरतं. खोली म्हणजे रेषेच्या रुंदीचा अर्धा भाग भागिले बिटच्या अर्ध्या कोनाचा टॅन. ९० अंशांच्या बिटला अर्धी रुंदी हीच खोली. ६० अंशांच्या बिटला अर्धी रुंदी गुणिले १.७३. शिरोरेघ १० मिमी जाड असेल तर ९० अंशांचा बिट ५ मिमी आत जाईल आणि ६० अंशांचा जवळपास ८.७ मिमी. १२ मिमीच्या फळीत ८.७ मिमी खोल गेलात तर खाली उरतं काय? मोठ्या अक्षराला ९० अंश, बारीक अक्षराला ६०. आणखी एक, बिटचा व्यास शिरोरेघेपेक्षा कमी असेल तर तळ सपाट करायला दुसरा बिट लागतो. एफ-एन्ग्रेव्हमध्ये त्यासाठी क्लीनअपचा वेगळा टूलपाथ निघतो.

एसीपी किंवा एमडीएफमधून अक्षर आरपार कापायचं असेल तर फ्रीकॅड. शिकायला वेळ लागतो, हे आधीच सांगतो. पण ते पूर्ण मोफत आहे, धंद्यावर बंधन नाही आणि उद्या जिग, फिक्स्चर, खोके काढायचे असतील तरी तेच उपयोगी पडतं. २०२४ च्या नोव्हेंबरात १.० आवृत्ती आली. त्यात पूर्वीच्या पाथ वर्कबेंचचं नाव कॅम झालं आहे, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून गोंधळू नका. एसव्हीजी आणताना 'जॉमेट्री' म्हणून आणा. मग जॉब, बिट आणि प्रोफाइल, म्हणजे आकाराच्या कडेने कापायची चाल. प्रोफाइलला बाहेरची बाजू सांगा म्हणजे अक्षर बारीक होणार नाही. पोकळीसाठी आतली बाजू. शेवटी टॅग लावा, म्हणजे कापलेला तुकडा जागेवर धरून ठेवणारे छोटे पूल. पोस्ट प्रोसेसर, म्हणजे मशिनला समजेल असा जी-कोड लिहिणारा भाग, जीआरबीएलचा निवडा. फ्रीकॅडमध्ये व्ही-कार्व्हही आहे, पण नुसत्या पाटीसाठी मला एफ-एन्ग्रेव्ह पटकन होतं.

जी-कोड मशिनला देण्याआधी कॅमॉटिक्समध्ये चालवून बघा. तेही मोफत आहे. तुकडा कसा कापला जाईल ते पडद्यावर दिसतं. नवशिक्याने हा टप्पा गाळू नये, असं माझं ठाम मत आहे.

नवा_कटर
एवढं सगळं कशाला? फ्यूजन ३६० मोफत आहे ना? सगळं एकाच ठिकाणी.

मिलिमीटर
फ्यूजन चांगलंच आहे, पण त्याचा मोफत परवाना वैयक्तिक, बिगर-व्यावसायिक वापरासाठी आहे. अक्षरओळ यांचं दुकान आहे, त्यांना तो लागू होत नाही. शिवाय २०२० पासून मोफत आवृत्तीत रॅपिड चाली, म्हणजे न कापता जागा बदलणं, कापण्याच्या वेगानेच होतात. पाटीत कटर सारखा उचलून दुसरीकडे जातो, म्हणजे मशिन तासन्‌तास हवेत फिरणार. घरी शिकायला जरूर वापरा.

मांडवीकाठ
गोव्याहून लिहिते. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत छोटा राउटर आहे आणि संगणकांवर काही इन्स्टॉल करायची परवानगी नाही. त्यामुळे मुलं ब्राउझरमध्ये चालणारीच साधनं वापरतात. जेएसकट अगदी साधं आहे : एसव्हीजी उघडा, आकार निवडा, पॉकेट, म्हणजे आतून खोदायचं, की बाहेरून कापायचं ते सांगा, टॅब (वर सांगितलेले टॅगच) लावा, जी-कोड घ्या. दहावीची मुलं तासाभरात त्यात रुळतात. किरी-मोटोही ब्राउझरमध्येच चालतं, ओपन सोर्स आहे आणि त्यात तुकडा कसा कापला जाईल ते आधीच पडद्यावर दिसतं. ईझलही आहे, हाताळायला सगळ्यात सोपं, पण त्यातलं व्ही-कार्व्ह पैसे भरल्यावरच मिळतं.

एक जागा जपा. इंकस्केपने २०१७ मध्ये ०.९२ आवृत्तीपासून इंचाला ९० ऐवजी ९६ पिक्सेल धरायला सुरुवात केली. जेएसकटमध्ये हा आकडा आपण सांगायचा असतो. तिथे ९० राहिलं तर ३०० मिमीची पाटी ३२० मिमीची होते. पडद्यावर काहीच चुकलेलं दिसत नाही. म्हणून जी-कोड काढण्याआधी एकूण लांबी-रुंदीचे आकडे वाचायची सवय मुलांना लावली आहे.

अक्षरओळ
मांडवीकाठ ताई, हे फार कामाचं. एक शंका. वडील पाटीच्या कडेला वारलीसारखी रेघांची नक्षी काढतात. ट्रेस केल्यावर प्रत्येक रेघ दुहेरी येते. मला मधून एकदाच बिट फिरवायचा आहे.

सुतारपक्षी
ट्रेस करणारा प्रोग्राम रेघेला एक बारीक लांबट आकार समजतो, म्हणून दोन कडा येतात. त्याच ट्रेसच्या खिडकीत 'सेंटरलाइन ट्रेसिंग' असा पर्याय आहे, इंकस्केप १.० पासून. तो रेघेच्या मधून एकच रेषा देतो. जिथे दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे ती थोडी वाकडी होते, तेवढे नोड हाताने सरळ करा. वारलीतल्या त्रिकोणांची टोकं भिडतात तिथेही बघा. अशा एकेरी रेघांना इंकस्केपबरोबरच येणारं जीकोडटूल्स पुरतं : ओरिएंटेशन पॉइंट, टूल लायब्ररी, मग पाथ टू जीकोड. आरपार कापायला मात्र ते वापरू नका, त्यात टॅब नाहीत.

ढोलकाठी
माझं मशिन मोठं आहे, आठ बाय चार. त्याला हातात धरायचा डीएसपी कंट्रोलरचा डबा आहे, संगणक जोडलेलाच नाही. मला यातलं काय चालेल? पुण्यात दुकानांच्या पाट्यांचं काम खूप आहे.

मिलिमीटर
हेच सगळं चालेल. डब्याला साधा जी-कोड पेनड्राइव्हवरून द्यायचा. फाइलच्या सुरुवातीला जी२१ म्हणजे मिमी आहे ना ते नोटपॅडमध्ये उघडून बघा. टूल बदलायची एम६ ची ओळ आली की बरेच कंट्रोल अडतात. जीआरबीएल तर तिथे थेट एरर देतं. उपाय साधा, प्रत्येक बिटची फाइल वेगळी काढायची आणि नावातच बिट लिहायचा.

एसीपीला एका धारेचा बिट घ्या. वेगाचा हिशेब असा : फीड म्हणजे स्पिंडलचे (बिट फिरवणाऱ्या मोटरचे) मिनिटाचे फेरे गुणिले धारा गुणिले प्रत्येक धारेने घ्यायची चीप, म्हणजे छिलक्याची जाडी. १८,००० फेरे, एक धार आणि ०.१ मिमी चीप धरली तर मिनिटाला १,८०० मिमी. यापेक्षा फार हळू गेलात तर बिट कापण्याऐवजी घासतो, मधलं प्लास्टिक वितळून धारेला चिकटतं. नवीन मशिनवर माणसं घाबरून फीड कमी करतात आणि बिट जाळतात.

वेलांटी
दुकानांच्या पाट्यांचा विषय निघालाच आहे तर एक. २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून पाटीवर देवनागरीतलं मराठी बंधनकारक आहे आणि त्याचा आकार दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मुंबईतल्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली होती. मापं घेताना लक्षात असू द्या की समान उंची म्हणजे समान पॉइंट साइज नव्हे. एकाच पॉइंट साइजला दोन लिप्यांची अक्षरं वेगवेगळ्या उंचीची येतात. इंकस्केपमध्ये पाथ केल्यावर खरी उंची मिलिमीटरमध्ये दिसते, ती मोजून बसवा. नाहीतर खर्चिक काम परत येतं.

कार्बनडाग
माझ्याकडे लेझर आहे, राउटर नाही. हाच रस्ता का?

सुतारपक्षी
इंकस्केपपर्यंत हाच, युनियनसकट. पुढे डायोड लेझर असेल तर लेझर-जीआरबीएल, विंडोजवर मोफत. सीओटू मशिनला रुईडाचा कंट्रोलर असेल तर आरडीवर्क्स त्याच्यासोबतच येतं आणि डीएक्सएफ घेतं. निळ्या डायोडने पारदर्शक ॲक्रिलिक कापलं जात नाही, किरण आरपार निघून जातो.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. सनबोर्ड लेझरवर कधीही लावू नका. आपल्याकडे सनबोर्ड म्हणून मिळतो तो फोम पीव्हीसी असतो आणि पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो फुप्फुसांना घातक आहे आणि मशिनचे लोखंडी भागही गंजवतो. गिऱ्हाईक स्वस्त म्हणून आग्रह करतं. त्याला नाही म्हणा किंवा राउटरवाल्याकडून कापून घ्या.

अक्षरओळ
एफ-एन्ग्रेव्ह आणि इंकस्केपवर सुरुवात केली आहे. सागवानाच्या टाकाऊ तुकड्यावर 'श्री' कोरून बघितला. वडिलांनी बोट फिरवून बघितलं आणि शेवटाचं वळण अजून धारदार हवं म्हणाले, तेव्हा 'स्मूथ कॉर्नर्स' आणखी कमी करतो आहे.

आता एसीपीकडे वळतो. शब्द शिरोरेघेमुळे एक तुकडा निघेल हे छान आहे, इंग्रजी पाटीसारखी दहा अक्षरं सुटी चिकटवायला नकोत. पण अनुस्वार, चंद्रकोर हे तर वेगळेच पडणार. ते भिंतीवर नेमक्या जागी कसे बसवता?

मिलिमीटर
दोन गोष्टी करा. कापताना अनुस्वारासारख्या छोट्या तुकड्यांना टॅग हमखास लावा, किमान दोन. नाहीतर शेवटचा काप पूर्ण होताच तुकडा उडतो आणि बिटही मोडतो.

बसवण्यासाठी, ज्या फाइलवरून कापलं तिचीच पीडीएफ काढा आणि फ्लेक्सवाल्याकडून साध्या कागदावर एकास एक मापात प्रिंट घ्या. 'फिट टू पेज' करू नको म्हणून त्याला बजावा आणि तिथेच पट्टीने एक बाजू मोजा. तो कागद भिंतीवर लेव्हल बघून चिकटवा, कागदावरूनच स्पेसरची (अक्षर भिंतीपासून थोडं पुढे धरणाऱ्या खुंट्यांची) भोकं मारा. शब्द बसल्यावर अनुस्वाराची जागा कागदावर उघडी दिसत असते. तो बसवला की मग कागद फाडून काढा.

वेलांटी
आणि अनुस्वार शिरोरेघेपासून किती वर ठेवायचा ते वडिलांना विचारा. फाँटमध्ये तो जवळ असतो, वाचायला पुस्तक हातात असतं म्हणून. रस्त्यावरून वाचायच्या पाटीवर जुने पेंटर तो थोडा मोठा आणि थोडा वर घेतात. इंकस्केपमध्ये तो वेगळा तुकडा आहेच, हलवायला वेळ लागत नाही.